उन्हाळा आणि मृत्यूची नोंदवही

उन्हाळा आपल्या परिचयाचा आहे. चैत्र संपता संपता घरोघरी माठ निघतात, कैरीचे पन्हे होते, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागतात, आणि विदर्भातील माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळल्यावाचून दुपारी उंबरठा ओलांडीत नाही. रोहिणीचे ऊन सोसावयाचे आणि मृगाची वाट पाहावयाची, हा क्रम इतक्या पिढ्यांच्या अंगवळणी पडला आहे की, उन्हाने माणसे मरतात हे वाक्य ऐकून कोणी फारसे दचकत नाही. पटकीने दहा माणसे दगावली तर गावात धावपळ उडते. पुरात दहा माणसे वाहून गेली तर पंचनामे होतात, मदत जाहीर होते. उन्हाच्या दिवसांत दहा वृद्ध माणसे गेली तर ‘वय झाले होते’ एवढ्यावर प्रकरण मिटते.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत असेच घडले. त्या महिन्याच्या २१ तारखेला तेथील पारा ४६.८ अंश सेल्सियसवर गेला. दुपारी रस्ते ओस पडले, रुग्णालयांत उष्माघाताचे रुग्ण आले, त्यांतील काही दगावले. पूर किंवा भूकंप यांसारखी आपत्ती आपल्यावर कोसळली आहे अशी जाणीव मात्र शहराला त्या वेळी फारशी झाली नाही. पुढे काही संशोधकांनी महानगरपालिकेच्या मृत्युनोंदी दिवसवार उतरून काढल्या आणि आदल्या व पुढल्या वर्षाच्या मे महिन्याशी त्या ताडून पाहिल्या. एरवी मे महिन्यात त्या शहरात दिवसाला सरासरीने सुमारे शंभर मृत्यू होत. २१ मे २०१० रोजी ३१० मृत्यू नोंदले गेले होते. संपूर्ण महिन्याची बेरीज अपेक्षेपेक्षा १,३४४ ने अधिक भरली. उष्माघात असे कारण लिहिलेले मृत्यू हा या संख्येचा अगदी लहान भाग होता. बाकीची माणसे निरनिराळ्या कारणांच्या रकान्यांत विखुरली गेली होती.

हे असे का व्हावे? मृत्यूचे कारण लिहिणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर यात लबाडी काही नाही. हृदयविकार असलेला साठीचा गृहस्थ चार दिवसांच्या उकाड्यानंतर पहाटे अंथरुणातच जातो. डॉक्टर येतो तेव्हा देह निवत आलेला असतो. उष्णतेने मृत्यू आला हे निश्चित सांगणारी खूण शवविच्छेदनातही सहसा सापडत नाही. डॉक्टर ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहितो, आणि ते खोटे नसते. शिवाय हे लिहिणारा डॉक्टर तरी सर्वत्र कोठे आहे? १९६९ च्या कायद्याने मृत्यूची नोंद सक्तीची केली. परंतु २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्क्यांचे कारण वैद्यकीय दाखल्याने प्रमाणित झालेले होते. त्यातही उष्णतेच्या बळींचे आकडे एकाहून अधिक सरकारी खाती आपापल्या रीतीने गोळा करतात, आणि एकाच वर्षाचे हे आकडे परस्परांशी जुळत नाहीत. म्हणून या बळींचा हिशेब कारणांच्या रकान्यातून लागत नाही. एरवी किती माणसे जातात आणि या दिवसांत किती गेली, या दोहोंच्या वजाबाकीतूनच तो लागतो.

उष्णता माणसाला मारते कशी, हे समजण्यासाठी घरातल्या माठाकडे पाहावे. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, हवेत उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार राहते. मनुष्याचे शरीर उन्हाळ्यात याच तत्त्वावर तग धरते. शरीराच्या आतील उष्णतामान ३७ अंशांच्या आसपास राहिले पाहिजे. त्वचेचे त्याहून थोडे कमी, ३५ च्या सुमारास असते. बाहेरची हवा त्याहून गार असेल तर अंगातील उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ४२ अंशांवर गेली की हा व्यवहार उलटतो आणि बाहेरची उष्णता आत येऊ लागते. मग शरीराजवळ घामावाचून दुसरा उपाय उरत नाही. एक लिटर घाम पूर्णपणे उडून गेला तर तो जेवढी उष्णता नेतो, तेवढ्यात सुमारे साडेपाच लिटर बर्फगार पाण्याला उकळी आणता येईल. उन्हात कष्ट करणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम सहज जातो.

या सोयीची किंमत हृदयाला मोजावी लागते. आतली उष्णता त्वचेपर्यंत आणावयाची म्हणजे रक्त त्वचेकडे वळवावे लागते, आणि त्यासाठी हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते. तेवढ्यात घामावाटे पाणी कमी झालेले असते. म्हणजे थोड्या रक्तावर अधिक काम. निरोगी तरुण हे काही तास निभावून नेतो. ज्याचे हृदय आधीच दुबळे आहे, ज्याला मधुमेह आहे, ज्याचे मूत्रपिंड थकलेले आहे, त्याचा तोल येथेच जातो. वृद्धांना तहानच कमी लागते. रक्तदाबावरील काही औषधे लघवीवाटे पाणी बाहेर टाकतात. अशा माणसाला ऊन लागले असे कोणी म्हणत नाही, कारण तो उन्हात गेलेलाच नसतो.

खरा उष्माघात याहून वेगळा आणि फार घाईचा. त्यात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलू लागतो, चिडतो, झोकांड्या खातो, बेशुद्ध पडतो. आपल्याला काही होत आहे हे त्याचे त्याला कळत नाही, म्हणून ते शेजारच्याने ओळखावे लागते. अशा वेळी पहिला उपचार एकच: अंग गार करणे. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा, बर्फ मिळाल्यास मानेशी व काखांत ठेवावा, आणि हे चालू असतानाच रुग्णालयाची वाट धरावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. तापाच्या गोळीचा येथे उपयोग होत नाही, कारण हा ताप नव्हे. खिशात कांदा ठेवण्याची जुनी चाल आहे. तिने अपाय होत नाही, परंतु तिच्यावर विसंबून दुपारचे काम चालू ठेवणे धोक्याचे आहे.

आता पुन्हा माठाकडे वळू. नागपूरच्या मे महिन्यात माठातील पाणी जसे गार होते तसे मुंबईत किंवा मद्रासच्या बाजूस होत नाही, हा कित्येकांचा अनुभव असेल. हवा दमट असली की तिला आणखी बाष्प घेववत नाही. घाम उडण्याऐवजी अंगावरून ओघळतो, आणि ओघळलेला घाम काहीच उष्णता नेत नाही. म्हणून केवळ पाऱ्याचा आकडा फसवा असतो. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली. तो आकडा ऐकून छाती दडपते. परंतु १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानात भरदिवसा भरलेल्या सोहळ्यानंतर चौदा माणसे दगावली, तेव्हा त्या भागातील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. वरून ऊन, खाली किनाऱ्यावरची दमट हवा आणि तासन्‌तास बैठक, एवढे पुरेसे झाले. हवामान खात्याच्या व्याख्येतही हा भेद पाळलेला आहे. उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होण्यासाठी मैदानी प्रदेशात पारा किमान ४० अंशांवर जावा लागतो, किनाऱ्यावर ३७ पुरतात, आणि डोंगराळ भागात ३०.

शास्त्रज्ञ यासाठी ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचा उपयोग करतात. तो तापमापक म्हणजे एक लहानसा माठच. उष्णता आणि दमटपणा यांचा एकत्रित परिणाम तो दाखवितो. हा ओला पारा ३५ अंशांवर स्थिरावला तर सावलीत, पंख्याखाली, विवस्त्र बसलेला धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे टिकणार नाही, असे अनुमान २०१० साली मांडले गेले. पुढे अमेरिकेत तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत दमट हवेतील ही मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच आढळली. वृद्धांची ती याहूनही खाली असणार.

दिवसाविषयी एवढे बोलले जाते, पण घात पुष्कळदा रात्र करते. दिवसभर ताणलेल्या हृदयाला रात्रीचा गारवा हीच विश्रांती. ती दोन-तीन रात्री लागोपाठ मिळाली नाही की मृत्यूंची संख्या चढू लागते. पूर्वी माणसे अंगणात, गच्चीवर, ओसरीवर झोपत. जमीन सूर्य मावळताच निवू लागे आणि पहाटेला अंगावर पांघरूण घ्यावे लागे. आता शहरांतील सिमेंट आणि डांबर दिवसभर प्यायलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत ओकत असते. वरच्या मजल्यावरील वातानुकूलित खोलीची गरम हवा खालच्या गल्लीत सोडलेली असते. पत्र्याच्या एका खोलीत पाच-सहा माणसे, डास येतात म्हणून दार बंद, आणि वीज गेली तर पंखाही नाही, अशा ठिकाणी रात्र कशी जात असेल याची कल्पना गच्चीवर झोपलेल्या पिढीला येणार नाही. हवामान खाते आता ‘उष्ण रात्र’ अशी स्वतंत्र नोंद करते, ती याचसाठी.

यात बदलत्या हवामानाचा भाग किती, असा प्रश्न साहजिक आहे. उन्हाळे पूर्वीही कडक होतेच. परंतु कोळसा आणि खनिज तेल यांच्या ज्वलनाने वातावरणातील कर्बवायू वाढत गेला आहे. १९५८ साली हवाई बेटांवरील वेधशाळेत त्याचे मोजमाप सुरू झाले तेव्हा दहा लाखांत ३१५ भाग असलेला हा वायू आज ४२० भागांच्या वर आहे. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे २०२० साली केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद आहे. पाऊण अंश ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पण सरासरी थोडी सरकली की टोकाचे दिवस पुष्कळ वाढतात; नदीची पातळी वीतभर वाढली तर पुराचे दिवस कसे वाढतात, तसेच हे. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्या मार्च-एप्रिलच्या लाटेची तपासणी करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाने असे काढले की, माणसाने तापमान वाढविले नसते तर अशी लाट येण्याचा संभव सुमारे तीसपटीने कमी राहिला असता. पुढे २०२४ हे वर्ष देशातील १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष म्हणून नोंदले गेले. भारतातील वाढ जगाच्या सरासरीपेक्षा काहीशी कमी आहे, त्याचे श्रेय हवेतील धुराला आणि कालव्यांच्या पाण्याला दिले जाते. धूर ऊन अडवितो, ओलीत जमिनीला गार ठेवते. हे समाधान मात्र बेताचेच म्हणावे लागेल. धूर फुप्फुसे बिघडवितो, आणि ओलिताचे पाणी उडून हवेचा दमटपणा वाढवते. माठाची गोष्ट लक्षात असेल तर याचा अर्थ सांगावयास नको.

हवामानाच्या फेरबदलाचे आरोग्यावर इतरही परिणाम आहेत. डासांचा वावर पूर्वी थंड असलेल्या डोंगराळ भागांकडे सरकतो, पुरानंतर दूषित पाण्याचे रोग येतात, अवर्षणात पोषण खालावते. त्या रोगांना निदान नावे आहेत आणि त्यांच्यासाठी खाती आहेत. उष्णतेला बराच काळ तसे काही नव्हते. २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्यानंतरही ज्या आपत्तींसाठी मदतनिधी वापरता येतो त्या केंद्राच्या यादीत थंडीची लाट होती आणि उष्णतेची लाट नव्हती, अशी स्थिती वर्षानुवर्षे होती. असो.

अहमदाबादेने मात्र २०१० च्या त्या वजाबाकीतून धडा घेतला. महानगरपालिकेने गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या व इतर तज्ज्ञांच्या साहाय्याने २०१३ मध्ये उष्णतेला तोंड देण्याची योजना आखली. दक्षिण आशियात अशी ती पहिलीच. तिच्यात यंत्रे किंवा मोठ्या इमारती नाहीत. पारा ४१ च्या वर जाणार असे भाकीत आले की पिवळा इशारा, ४३ च्या वर नारिंगी, आणि ४५ किंवा अधिक असेल तर तांबडा. प्रत्येक रंगाला कोणी काय करावयाचे हे आधीच लिहून ठेवलेले. एक अधिकारी नेमलेला. त्याने रुग्णालये, रुग्णवाहिका, पाणीपुरवठा, वृत्तपत्रे, आकाशवाणी यांना कळवावयाचे. बागा दुपारीही उघड्या ठेवावयाच्या, पाणपोया वाढवावयाच्या, रुग्णालयांत बर्फ तयार ठेवावयाचा, डॉक्टरांना व परिचारिकांना उष्माघात ओळखण्याचे शिक्षण द्यावयाचे. कागदावर हे साधे दिसते. परंतु ज्यांना एकाच कामासाठी चार खात्यांना एकत्र आणण्याचा अनुभव आहे त्यांना यातील अवघड भाग कोणता हे सहज उमजेल. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या योजनेनंतर शहरात वर्षाला सरासरी अकराशेहून अधिक मृत्यू टळले असावेत असा अंदाज काढलेला आहे.

या साऱ्यात एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. अहमदाबादेतील एका सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचा व नवजात बालकांचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या छताखाली होता. उन्हाळ्याच्या ऐन दिवसांत तापाने व शुष्कतेने आजारी पडून अतिदक्षता विभागात येणाऱ्या अर्भकांची संख्या वाढते, हे तेथील डॉक्टरांच्या ध्यानात आले. नवजात बालकाला अंगातील उष्णता नीट आवरता येत नाही, आणि तहान सांगता येत नाही. कक्ष खालच्या मजल्यावर हलविण्यात आला. पुढच्या उन्हाळ्यात अशा अर्भकांचे प्रमाण बरेच घटले. त्यासाठी नवे औषध लागले नाही. खाटा आणि पाळणे जिन्यावरून खाली आणावे लागले.

छपरांचेही तसेच. छताला चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात दिला तर ऊन परतते आणि खालची खोली काही अंशांनी गार राहते. पूर्वी पश्चिम भारतात गच्च्यांना चुना लावीत. त्याच चालीला आता नवे नाव मिळाले आहे. झोपडपट्टीतील पत्र्यांवर हा प्रयोग अहमदाबादेत हजारो घरांवर झाला. अहमदाबादेच्याही आधी ओडिशाने हा धडा घेतला होता, आणि तो फार महाग पडला होता. १९९८ च्या लाटेत तेथे २,०४२ माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. त्यानंतर तेथे शाळा सकाळच्या झाल्या, भर दुपारी मजुरीची कामे थांबविण्याचे हुकूम निघू लागले, आणि नंतरच्या वर्षांत मृत्यूंचा आकडा बराच खाली आला. आंध्र प्रदेश व तेलंगण या राज्यांत मिळून २०१५ साली दोन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यानंतर तेथेही जाग आली. नागपूरनेही अहमदाबादेचे उदाहरण पाहून आपली योजना केली.

आता अशा योजना अनेक राज्यांनी आणि शहरांनी केल्या आहेत. त्या वाचल्यास पुष्कळदा एकीची नक्कल दुसरीत उतरलेली दिसते. २०२३ मध्ये दिल्लीच्या एका संशोधनसंस्थेने अशा ३७ योजनांची छाननी केली. केवळ तीनच योजनांत पैसा कोठून येणार हे सांगितलेले आढळले, आणि आपल्या गावात सर्वांत अधिक धोका कोणाला आहे याची नीट पाहणी अवघ्या दोहोंत होती. पैसा नसला की योजनेतून उपदेश तेवढा शिल्लक राहतो: दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे वापरा. उपदेश योग्यच आहे. तो ऐकणाऱ्यांत ज्यांना घरी राहणे परवडते त्यांना तो बहुधा आधीच ठाऊक असतो. वीटभट्टीवरची बाई, हातगाडीवाला, इमारतीच्या सळ्या वाकविणारा, डांबर टाकणारा, रोजगारावर कांदा काढणारी, यांची दुपार हाच रोजाचा अर्धा भाग. पाणी भरपूर प्यावे तर जवळपास स्वच्छतागृह नाही, म्हणून कामावरच्या स्त्रिया मुद्दाम पाणी कमी पितात. सरकारी नोकरही यातून सुटलेला नाही. १ जून २०२४ रोजी लोकसभा निवडणुकीच्या शेवटच्या टप्प्यात एकट्या उत्तर प्रदेशात मतदानाच्या कामावरील ३३ कर्मचारी उष्णतेने दगावल्याचे त्या राज्याच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यांना ऊन टाळण्याचा सल्ला कोणी दिला असता तरी केंद्र सोडून जाणे त्यांच्या हाती नव्हते.

रोजंदारी बुडण्याच्या या प्रश्नाला थेट हात घालण्याचा एक प्रयत्न अहमदाबादेतूनच झाला आहे. हातावर पोट असणाऱ्या स्त्रियांची ‘सेवा’ ही संघटना इला भट्ट यांनी १९७२ मध्ये तेथे स्थापन केली. या संघटनेने आपल्या सभासदांसाठी उष्णतेचा विमा काढला. त्यात आजारपणाचा दाखला मागत नाहीत, की डॉक्टरची सही लागत नाही. ठरलेल्या मर्यादेपलीकडे पारा गेला की पैसे देय होतात. मे २०२४ मधील लाटेत राजस्थान, गुजरात व महाराष्ट्र या राज्यांतील हजारो स्त्रियांच्या खात्यांत प्रत्येकी चारशे रुपये जमा झाले. त्यांत मिठागरावर काम करणाऱ्या होत्या, भाजी विकणाऱ्या होत्या, शेतमजूर होत्या. चारशे रुपयांत एखाद्या दिवसाची मजुरी निघते. त्या वर्षी लाट त्याहून पुष्कळ अधिक दिवस टिकली.